तात्यांचं सॅम्पल

थंडीत तुपाच्या बरणीत चमचा घातला की थिजलेल्या तुपात खळगा पडतो आणि त्याची कड दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. आमच्या घरी हा खळगा रोज सकाळी तात्यांच्या पहिल्या भाकरीबरोबर पडतो. गेला आठवडाभर मात्र तूप वरून अगदी सपाट होतं. मी झाकण लावलं आणि ओळखलं, की रक्ततपासणी जवळ आली.

तात्या म्हणजे माझे सासरे बापूसाहेब. सांगवीत त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. वय एकसष्ट, सोबतीला जुना मधुमेह. गणपतीच्या आधी बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांचा रिपोर्ट पाहून कोलेस्टेरॉलसाठी रोज एक स्टॅटिनची गोळी लिहून दिली. गोळ्या आल्या आणि कपाटात बसल्या. "पुन्यांदा एकदा तपासू, मग ठरवू," असं तात्या तेव्हापासून म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या रक्त देऊन आले. संध्याकाळी दुधाची गाडी गेली आणि नवा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. तो मी लगेच डॉक्टरांना पाठवला. तात्या अंगणात खुर्ची ओढून बसले.

"वाच."

"एकूण कोलेस्टेरॉल दोनशे पंचवीस."

"आन् मागचं?"

"दोनशे बावन्न."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "सत्तावीस उतरलं! बिनगोळीचं! ऐकलं का गं?"

माझ्या सासूबाई, साखरबाई, उंबऱ्यात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. "ऐकलं की," त्या म्हणाल्या. "आठ दिस मानूस नुसत्या दोडक्यावर जगला. उतरंल न्हाय तर काय करंल?"

"दोडका औषधीच असतोय."

"मग बाराही म्हैनं घालते. कबूल?"

तात्यांना एकदम कॅन नीट पालथे घातलेत की नाहीत ते बघावंसं वाटलं. बघून आले आणि माझ्याकडे वळले. "तू सायन्सवाली. तू सांग, झ्याक हाय का न्हाय?"

मी बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घरात माझं मत विचारलं जातं ते बहुधा विचारणाऱ्याच्या बाजूनं असेल या खात्रीनंच.

"एकूण आकडा बेरजेचा असतो, तात्या. त्यातलं निम्म्याहून जास्त उतरलंय ते ट्रायग्लिसराइडमुळं. ते चार दिवसांच्या जेवणावरही खालीवर होतं. रक्तवाहिनीत थर धरतो तो मुख्यतः एलडीएल. तो एकशे अडुसष्ट होता, आता एकशे सत्तावन्न आहे. तुम्हाला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी शंभराच्या खाली सांगितलाय."

"उतरतोय तर खरा. अजून थोडं थांबू की."

"दोडक्यावर?"

तात्या पुन्हा कॅनकडं बघायला लागले. मग मी विचारलं, "तात्या, परवा केंद्रावर दूध घालताना कुंडलिकरावांनी कॅन न ढवळता वरचं दूध तपासायला लावलं, तेव्हा तुम्ही का रागावलात?"

"रागावू न्हाय तर काय? वर साय येती. वरचं घेतलं की फॅट जास्त लागती आन् भाव उगाच जास्त जातो. सॅम्पल कसं, तळापास्नं ढवळून घ्यावं. मानूस रोज जे दूध घालतोय, तेच त्यात दिसाय पायजे..." तात्या वाक्याच्या मध्येच थांबले.

आत्या इतक्या हसल्या की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "घावला! उभ्या गावाचं सॅम्पल धरनारा घरातच घावला!"

तात्याही हसले, पण थोडंच. "औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध आपुन काय करतो?" त्यांनी मला विचारलं.

"बाजूला काढतो."

"मग! रोजची गोळी लागली की मानूस बी बाजूलाच. गेणबाचं बघ. केंद्रावर संध्याकाळची पाळी कसली झोकात करायचा. आता इंदापूरला लेकाच्या घरी खाटंवर हाय. आज फॅट किती लागली, हे तरी त्याला कुनी इचारतं का?"

गेणबाकाका त्यांचे धाकटे भाऊ. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. तात्या गोळीच्या दुष्परिणामांना भितात, असं मी धरून चालले होते. स्नायू, यकृत, सगळी उत्तरं पाठ करून बसले होते. प्रश्न निराळाच निघाला.

"काकांना गोळीनं बाजूला बसवलं का?" मी विचारलं.

"दिली हुती त्येला." तात्या जमिनीकडं बघत म्हणाले. "घेत न्हवता."

"तवाबी तुमी दोघं भाऊ हेच म्हनत हुता," आत्या म्हणाल्या. "पुन्यांदा तपासू, मग ठरवू."

"घेतली असती तर झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "शक्यता कमी झाली असती. गोळी तेवढंच करते."

तेवढ्यात डॉक्टरांचं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं: गोळी सुरू करा, जेवणही सांभाळा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

"पाय दुखत्यात म्हनं त्या गोळीनं," तात्या म्हणाले.

"काही जणांचे दुखतात. दुखले तर लगेच सांगायचं. डॉक्टर डोस कमी करतील, नाहीतर गोळी बदलतील."

"आन् सकाळची पाळी?"

"तुमचीच. माझ्यानं एवढ्या पहाटे उठणं होणार नाही."

"आन् माझ्यानं ह्यास्नी घास भरवनं हुनार न्हाय," आत्या म्हणाल्या. "आदीच सांगून ठेवते."

बोलणं नेहमीसारखंच होतं, पण शेंगांवरचे हात थांबले होते. तात्या त्या हातांकडं बघत राहिले.

"ऊठ, पानी आन," ते आत्यांना म्हणाले. "घेतो मी गोळी. आजपास्नं."