त्या नकली बोर्डाचं कौतुक

मी हार्नेस बोलतोय. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. व्हिडिओ गेमच्या उभ्या मशिनच्या पोटात रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो ना, तो मी. माझ्या एका टोकाला लांबट कनेक्टर होता, त्यात गेमचा बोर्ड, म्हणजे चिपांनी भरलेली सर्किटची पाटी, बसायचा. दुसऱ्या टोकाच्या वायरी स्क्रीनकडे, स्पीकरकडे, बटणांकडे आणि वीज देणाऱ्या डब्याकडे जातात. बोर्ड बदलला की गेम बदलतो. मी मात्र तोच.

माझे मालक यूनुसभाई मूळचे चिपळूणजवळचे. दुबईतल्या एका मॉलमध्ये गेमची मशिनं दुरुस्त करतात आणि राहतात शारजात, अल नहदाला. घरच्या बाल्कनीत त्यांचं टेबल आहे, शेजारी एक रिकामं मशिन. तिथंच बसून त्यांनी मला स्वतःच्या हातांनी बनवलं. बारा वर्षांत किती बोर्ड माझ्यावर तपासले त्याची गणतीच नाही. लावला, चालला, काढला. माझ्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. ना तक्रारीचं, ना कौतुकाचं.

आणि मग तो आला.

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका भंगाराच्या दुकानातून यूनुसभाईंनी त्याला उचलून आणलं. नकली बोर्ड! अस्सल कंपनीचा गेम चोरून कुणीतरी कुठंतरी बनवलेला. ना कंपनीचं नाव, ना नंबर. एका चिपवर पेनाने गेमचं नाव तेवढं खरडलेलं. ते वाचून यूनुसभाईंचा चेहरा असा खुलला, की तसा मी तरी कधी पाहिला नव्हता.

"बानू, हा तोच गेम! चिपळूणला स्टँडसमोर शाळा बुडवून खेळायचो तो!"

"शाळा बुडवायचात, हे निकाहच्या आधी सांगायचं होतंत," शहरबानूभाभी आतून म्हणाल्या.

पण तो माझ्यात बसेना. बोर्डाच्या एका कडेला तांब्याचे दात असतात, ते माझ्या खाचेत जातात. याला दातच नव्हते. नुसत्या पिनांच्या चार रांगा, चार दिशांना तोंडं केलेल्या. कुठली पिन स्क्रीनची, कुठली आवाजाची, वीज कुठून द्यायची, काही म्हणता काही लिहिलेलं नाही. चुकीच्या पिनेत बारा व्होल्ट गेले की बोर्ड मेलाच म्हणायचा.

मला वाटलं, बरं झालं, आता जाईल कचऱ्यात. कसलं काय! यूनुसभाई त्याच्या नादालाच लागले. कामावरून आले की चहा तसाच निवत राहायचा आणि हे भिंग घेऊन बोर्डावर ओणवे. मऊ ब्रशने त्याची धूळ झाडायचे. डॉक्टर पोट चाचपतात तसे मीटरच्या वायरीची टोकदार सुई घेऊन एकेक पिन चाचपायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी सरळ वागलो, तर माझ्याकडे ढुंकून बघायचं नाही. हा वाकड्यात शिरला, तर त्याचे लाड!

एकच आधार होता. शहरबानूभाभीही जळत होत्या. "माझी ती सवत झोपली का?" असं त्या बाल्कनीत डोकावून विचारायच्या. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचो.

एका शुक्रवारी त्या तावातावाने आल्या. "अहो, जेवण तिसऱ्यांदा गरम केलंय. आता खलास! एक तर हा बोर्ड कचऱ्यात जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन."

"जा, पण आधी ही सुई जरा इथे धर," यूनुसभाई मान वर न करता म्हणाले. "मला तिसरा हात नाही. हा चिपचा कोपऱ्यातला पाय बघ, हा ग्राउंड, वीज परत जायची वाट. तू इथे धर, मी पिना चाचपतो. मीटर ओरडला की ती पिन ग्राउंडची."

भाभींनी फणकाऱ्याने सुई धरली. एक पिन गप्प. दुसरी गप्प. मग मीटर 'पीं' करून ओरडला.

"सापडली?" भाभींचा राग कुठल्या कुठे पळाला. "यल्ला, चला, पुढची घ्या!"

"अम्मी, आर यू गाइज ओके?" हॉलमधून त्यांच्या मुलीने, फिझाने विचारलं. उत्तर द्यायला कुणाला फुरसत होती? दोघांची डोकी त्या बोर्डावर टेकली होती. माझी एकुलती एक मैत्रीण शत्रूला जाऊन मिळाली.

मग रोज संध्याकाळी तेच. तांब्याच्या जाड पट्ट्यांवरून वीज ओळखली, अॅम्प्लिफायरच्या चिपवरून आवाज, रेझिस्टरच्या रांगेवरून बटणं. शेवटी सगळ्या पिना ओळखीच्या झाल्या. आता त्यांना जोडायला वायरी हव्या होत्या.

"उद्या दुकानातून आणतो," यूनुसभाई म्हणाले.

"उद्या कशाला? हा जुडगा आहे की. याचंच टोक कापा," भाभी म्हणाल्या.

"खरंच की. माझ्यासाठी दुसरा बनवेन."

दुसरा! किती सहज म्हणाले. कटर चालला आणि माझा कनेक्टर टेबलावर पडला. जगातल्या कुठल्याही बोर्डाला आता मी लागणार नव्हतो. माझी एकेक वायर त्या नकली बोर्डाला सोल्डर झाली आणि बाल्कनीतल्या रिकाम्या मशिनमध्ये आमची दोघांची जोडी बसली. गेम सुरू झाला. दोघं पोरांसारखी ओरडली. वाहवा सगळी बोर्डाची.

माझ्या काळ्या ग्राउंड वायरचा टाका जरा कच्चा राहिला होता. काल भाभी रंगात येऊन खेळत असताना मी ती वायर सोडून दिली. स्क्रीन काळाठिक्कर!

काय गार वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आता शिव्या देतील, पण मला हातात तरी घेतील.

यूनुसभाईंनी मशिनचं दार उघडलं आणि हात गेला थेट बोर्डाकडे. पुन्हा भिंग, पुन्हा ब्रश, पुन्हा एकेका चिपला गोंजारणं. मी कपाळाला हात लावला असता, पण मला कपाळ नाही.

"अहो, वायर बघितलीत का?" भाभींनी विचारलं.

"हार्नेस? छे, तो बघायची गरजच नाही. या घरात डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी दोनच. एक तू आणि एक तो."

"म्हणून आम्हा दोघांकडे बघत नाही वाटतं तुम्ही."

यूनुसभाईंचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि भाभींकडे बघितलं, चांगलं डोळे भरून. मी वाट बघितली. माझ्याकडे काही वळले नाहीत. तरी 'डोळे मिटून भरवसा' हे शब्द ऐकून मी विरघळलो. यूनुसभाईंचं कोपर मशिनच्या दाराला लागलं, त्या हिसक्याचं निमित्त करून ती काळी वायर पुन्हा घट्ट धरली. स्क्रीन उजळला.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" यूनुसभाईंनी थोपटलं. कुणाला, ते विचारू नका.

तर मंडळी, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याच्याकडे न बघताच तुमचं भागतं. त्याला एकदा हातात घेऊन बघा. टाका अजून कच्चाच आहे.