बांधावरची तार

हौसरावांचा कुणावर विश्वास बसला, असं खुटबावात कुणी पाहिलं नव्हतं. त्यात शेजारचा महेंद्र. बापानं मोलमजुरी करून दीड एकर घेतलं आन् पोरगं आता दौंडला रेल्वेत लागणार, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं.

दोन हजार चारचा उन्हाळा. एके दुपारी बांध ओलांडताना त्यांचा हात महेंद्रच्या कुंपणाला लागला, आन् सणकन झटका बसला. हात चोळत ते घरी आले.

"माझ्या जिवावर उठलाय तो! मोटारीचा करंट सोडलाय तारंत!"

"अवो, त्याच्या आईची लुगडी वाळत्यात त्या तारंवर," त्यांची बायको पुतळाबाई म्हणाली. "आईला मारंल व्हय?"

"तू गप ऱ्हा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्यात अर्ज ठोकला. महेंद्रच्या नोकरीसाठीची पोलीस पडताळणी त्याच ठाण्यात अडकली होती. नावावर गुन्हा आला की नोकरी गेली, हे हौसरावांना पक्कं माहीत होतं. माहीत असूनच दिला, लबाड म्हातारा!

अर्जाचं कळताच दुसऱ्या सकाळी महेंद्र टेस्टर घेऊन आला. "आबा, बांधावर चला. गावात लोडशेडिंग हाय, माझी मोटार मेल्यागत पडलीय. तरी बघा." टेस्टर तारेला लावताच दिवा लुकलुकला.

"बॅटरी लपवली असशील!"

महेंद्रनं कपाळाला हात लावला. मग वर बोट केलं. "ही टॉवरवरची मोठी वीजलाइन तुमच्या रानावरनं जाती. तिला लोडशेडिंग न्हाई. तिच्याखालनं तुम्ही मागच्या आठवड्यात लांबलचक तार वढली, सुक्या बाभळीच्या डांबांवर. वरच्या लाइनीच्या जोरानं तिच्यात वीज चढती, आन् जमिनीत उतरायला वाट न्हाई. आन् एक डांब वाचवायला तिचं टोक माझ्या तारंला बांधलंत. बांधल्यावर दोन्ही मिळून एकच तार झाली. तिच्यात चढलं ते हिच्यात बी आलं."

त्यानं पकडीनं गाठ सोडली. त्याच्या तारेवर टेस्टर आता विझलेलाच राहिला. हौसरावांनी तो हिसकावला आन् आपल्या तारेला लावला. दिवा पेटला. त्यांनी तीनदा लावून बघितला. तिन्ही वेळा पेटला.

"उद्या सळई ठोकून वीज जमिनीत सोडून देतो," महेंद्र म्हणाला. "पर माझं काय, आबा?"

हौसरावांना लाज वाटली, पहिल्यांदाच. बांधावरून तसेच ते ठाण्यात गेले. "तार माझीच हाय. पोराचा दोष न्हाई. अर्ज फाडा."

हवालदारानं त्यांना न्याहाळलं. "काल एक, आज एक. खरं सांगा आबा, पोरानं दम दिला का?"

"आवो, न्हाई!"

"मग पैसे दिले?"

हौसराव दाराकडे वळले.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "माझ्या तारंला मी तुमच्यासमोर हात लावतो. झटका बसला की मग माझा जबाब लिवा."