ख्रिस्तप्रसादाची रांग

त्या रविवारी पेर्पेतुआ चटईवरून उठली नाही, आणि तेवढ्यानं गावभर बोभाटा झाला.

बुकांगो गावच्या चॅपलमध्ये बायका डावीकडे चटयांवर बसतात, पुरुष उजवीकडे बाकांवर. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की एकेक चटई रिकामी होते, आणि जी बाई उठत नाही तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. म्हातारी बसून राहिली तर गुडघे धरले असतील म्हणतात. सोळा वर्षांची मुलगी बसून राहिली तर तिला दिवस गेलेत. दुसरं कारण असूच शकत नाही. या बाबतीत आपला अंदाज कधी चुकत नाही, असा गावाचा समज होता.

खरं कारण होतं लिंबाचा काटा. गुरुवारी गाण्याच्या तालमीनंतर तो तिच्या टाचेत मोडला, आणि चॅपलचा ढोल वाजवणारा गोंझागा, तिच्याच वयाचा, काढून देतो म्हणून खाली बसला. सुई कुठून आणायची? तिनंच गळ्याशी लावलेल्या मारियेच्या पदकाची पिन काढून दिली. काटा निघाला. त्यानं पाय लगेच सोडला नाही आणि तिनंही ओढून घेतला नाही. छाती इतकी धडधडत होती की त्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. मग तो लाजून हसला, तिनं पिन परत लावली आणि लंगडत घरी निघाली. वाटभर ती उगीचच हसत होती. झालं ते एवढंच.

संध्याकाळी रोझरीच्या वेळी मात्र तिचं हसू मावळलं. धर्मशिक्षक लुकवागो मुलींना दर आठवड्याला बजावायचे की मनातल्या मनात केलेलं पापसुद्धा पापच, आणि तसल्या मनानं प्रसाद घेतला तर नरक ठरलेला. शहाण्या मुली हे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत. पेर्पेतुआ वहीत लिहून घेई. फादर दर रविवारी मोटारसायकलवरून यायचे, मिस्सा उरकून पुढच्या गावी पळायचे. पापकबुली फक्त महिन्याच्या पहिल्या शनिवारी. त्याला अजून तीन आठवडे होते. म्हणून ती बसून राहिली. प्रामाणिकपणा करायला तिनं नेमकी नको ती जागा निवडली.

आई, लेओकादिया, ही गावातल्या मातासंघाची प्रमुख. नवरा वारल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, पोरीला मसाका शहरातल्या सिस्टरांच्या बोर्डिंगात घालायचं. त्यासाठी लुकवागोंचं पत्र लागत होतं, मुलीचं वर्तन चांगलं आहे आणि ती नियमित प्रसाद घेते असं. ते मिळालं नाही तर कॉफीच्या बागेत वेचणी, मग लग्न, हे मायलेकी दोघींना ठाऊक होतं.

घरी आल्याबरोबर आई माटोकेची, म्हणजे शिजवून खायची हिरवी केळी सोलायला बसली आणि सुरी न थांबवता तिनं विचारलं, "किती महिने झाले?"

"कशाला?"

"मला वेड्यात काढू नकोस. किती?"

पेर्पेतुआला रडू फुटलं, आणि ते रडणं हीच कबुली धरली गेली. मग आत्याला निरोप गेला. आमच्याकडे मुलीच्या अंगाबद्दल आईनं बोलायचं नसतं, तो मान आत्याचा. बुलांदिना आत्या सायकलच्या मागे बसून दुपारी पोचली, आल्या आल्या भाचीला केळीच्या बागेत घेऊन गेली. काटा, पिन, धडधड, सगळं ऐकून घेतलं आणि कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्यानं डोळे पुसेपर्यंत हसली.

"एवढंच? अगं, तुझी आई नि मी काय लाकडाच्या आहोत असं वाटलं तुला?"

पेर्पेतुआला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आपल्याला झालं ते आधीही कुणाला झालं होतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे हे पाप नाही ना, आत्या?"

"ते मला नको विचारू. देवाला दिसायचं ते दिसलंय. गावाला काही दिसत नाही, म्हणून गावाला दाखवावं लागतं. येत्या रविवारी रांगेत जाऊन उभी राहा."

"पापकबुली न देता?"

"जीभ बाहेर काढ, प्रसाद घे, परत ये. बाकीच्या बायका काय करतात असं वाटतं तुला?"

पोरगी निर्मळ आहे असं आत्यानं घरात जाऊन सांगितलं. पण बोलण्याच्या भरात काट्याची गंमतही सांगून गेली, नावासकट. आईनं तेवढं नावच उचललं. लेकीची माफी वगैरे मागायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती सरळ लुकवागोंकडे गेली.

पुढच्या रविवारी फादर यायच्या आधी लुकवागोंनी गोंझागाला अंगणात उभं केलं, ढोलाच्या काठ्या हातातून काढून घेतल्या, आणि यानं मारियेचं पदक लावणाऱ्या मुलीवर वाईट नजर टाकली असं जाहीर केलं. त्याच्या बापानं चारचौघांत त्याला दोन थोबाडीत दिल्या. गोंझागा रडला नाही.

"मी काटा काढला," तो म्हणाला. "तिला विचारा."

लुकवागो वळले. त्यांच्या खिशातून लिफाफ्याचा कोपरा दिसत होता. "पेर्पेतुआ, याने तुझा काटा काढला?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तू प्रसादाला का उठली नाहीस? पाठीवर आईचा हात होता, आणि तो हात दाबत होता. गोंझागा तिच्याकडे बघत होता. हिच्या तोंडून आता खरं निघणारच, असा त्याचा बिचाऱ्याचा विश्वास होता.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

मिस्साला ती रांगेत सगळ्यांत पुढे होती. प्रसाद नेहमीसारखा टाळूला चिकटला. जमीन फाटली नाही. ज्या बायका आठवडाभर तिच्या पोटाकडे बघत होत्या त्याच आता तिच्या गालावरून हात फिरवत होत्या. मिस्सानंतर पत्र मिळालं, आणि आईनं केळीच्या पानात कोंबडी वाफवली. पेर्पेतुआनं ती खाल्ली. भूक लागली होती.

गोंझागाला बापानं तळ्यावर मामाकडे मासे धरायला धाडून दिलं.

पहिल्या शनिवारी ती पापकबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली. बाहेर एक नवा पोरगा ढोल बडवत होता, ताल धड जमत नव्हता.

"फादर, आईला दोनदा उलट बोलले. एकदा साखर चोरून खाल्ली."

"आणखी काही?"

ढोल थांबला, पुन्हा सुरू झाला.

"नाही, फादर."

फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हणायला सांगितल्या. मोटारसायकलची किल्ली त्यांच्या हातात वाजत होती. "बोर्डिंगात गेलीस तरी अशीच निर्मळ राहा हो, पोरी."

"हो, फादर," पेर्पेतुआ म्हणाली, आणि पुढचीला जागा द्यायला उठली.