दस्तीखालचा हात

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या तांड्यावरचा रतनसिंग राठोड हा बैलबाजारातला दलाल. दलाल म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात, पण रतनसिंगाचं तसं नव्हतं. विकणारा आणि घेणारा, दोघंही त्यालाच शोधत यायचे. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मळकट चौकड्यांचा मोठा रुमाल, तो दोन हातांवर टाकायचा आणि तिच्याखाली बोटं धरून भाव व्हायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. ते शंभरातले की हजारातले, हे समोरच्या बैलाकडे बघून कळायचंच. तोंडानं आकडा कुणी काढायचा नाही. शेवटी अख्खा हात दाबला की सौदा पक्का. पंचवीस वर्षांत रतनसिंगाच्या दस्तीखाली दाबलेला एकही हात माघारी फिरला नव्हता. त्याची त्याला ऐट होती, आणि का नसावी?

त्याची लेक शितल सात-आठ वर्षांची असताना एकदा खेळता खेळता त्या दस्तीखाली हात घालून बसली. "बापू, माझी शेळी घ्या," म्हणत त्याचं बोट ओढू लागली. रतनसिंग लेकीवर कधी रागावत नसे. त्या दिवशी मात्र त्यानं दस्ती उचलून खांद्यावर टाकली.

"दस्तीखाली खोटा हात घालायचा न्हाई, पोरी," तो म्हणाला. "खेळायला दुसरं काही घे."

हे ती विसरली नव्हती. पुढे जे झालं ते विसरल्यामुळे झालं असतं, तर तिला निदान झोप तरी लागली असती.

शितल शिकत गेली. हिंगोलीला कॉलेज झालं, औरंगाबादला पदवी झाली आणि दोन हजार पाचच्या सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्तीवर ती आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला इंग्लंडला गेली. तांड्यावरच्या लोकांनी तिला एस्टीपर्यंत पोहोचवलं आणि एस्टी वळताच बोलायला सुरुवात केली. बिनलग्नाची पोरगी, कुठं पाठवली, कुणाच्या भरवशावर, रतनसिंगाचं डोकं ठिकाणावर आहे का. रतनसिंग ऐकून घ्यायचा. पारुबाई, तिची आई, ती मात्र पाणवठ्यावर एकेकीला सुनावून यायची.

तिकडे शितलचे दिवस काही गोडीत जात नव्हते. बरोबर नेलेलं ज्वारीचं पीठ दिवाळीआधीच संपलं. चार वाजताच अंधार पडायचा. शेजारच्या खोलीतली मुलगी रोज हसून कशी आहेस विचारायची आणि उत्तराला थांबायची नाही. पहिले दोन महिने शितल प्रत्येक वेळी खरं उत्तर द्यायला तोंड उघडायची, तोवर दार लागलेलं असायचं. वर्गात चीनची, नायजेरियाची, जर्मनीची मुलं धडाधड बोलत; ही मागच्या बाकावर वही गच्च धरून बसलेली. आपण इथं उगाच आलो, असं तिला मनापासून वाटू लागलं होतं.

मग एक दिवस बाईंनी सांगितलं की आपापल्या मुलखात सौदा कसा करतात ते दाखवा. शितल उठली, गळ्यातला लोकरीचा मफलर काढला, बाईंच्या हातावर टाकला आणि बापाचा सगळा धंदा दहा मिनिटांत करून दाखवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. नंतर तिनं त्यावरच निबंध लिहिला. कुठं हात मिळवला म्हणजे व्यवहार झाला असं धरतात आणि कुठं तो नुसता शिष्टाचार असतो, हे त्यात तिनं फार छान मांडलं होतं. वर्गात सगळ्यात जास्त गुण तिला पडले. त्या रात्री तिला बापूचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्याकडे बघितलं होतं. तिनं मनाची समजूत घातली की हा मफलर आहे, दस्ती नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी तिला मसाले आयात करणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. तिथल्या ग्रॅहम नावाच्या साहेबाला हिंगोलीकडची हळद बघायची होती. दोन हजार सहाच्या एप्रिलात तो एका दिवसासाठी तांड्यावर आला. शितल आठवडाभर आधीच येऊन बसली होती; प्रकल्पाचं पुढचं काम तिला जूनअखेरपर्यंत इथंच राहून करायचं होतं.

अंगणात हळदीचे ढीग घातले होते. शिजवून, वाळवून, पत्र्याच्या फिरत्या ढोलात घासून पिवळीधमक केलेली हळकुंडं. रतनसिंगाचा स्वतःचा माल थोडा होता. बाकी आठ घरांचा, त्यात पुसेगावचे मुंजाजी आणि विधवा धुरपताबाई. साहेबानं हळकुंड मोडून बघितलं, वास घेतला, नमुन्याच्या पिशव्या भरल्या. माल चांगला आहे, पण निर्णय लंडनच्या ऑफिसात होईल, असं तो शितलला म्हणाला. शितलनं लोकांना सांगितलं की साहेबाला माल पसंत आहे. लंडनच्या ऑफिसाचं नंतर सांगू म्हणून ठेवलं. सगळ्यांचे चेहरे इतके उजळले होते, की तिच्यानं ते बोलवलं नाही.

निघताना साहेबाला तिनं कंपनीत वाचायला दिलेल्या निबंधाची आठवण झाली. तुझ्या निबंधातला तो रुमालाखालचा सौदा एकदा दाखव ना, तो म्हणाला. शितलनं बापाला सांगितलं, "बापू, साहेबाला तुमचा हात बघायचा हाय."

रतनसिंग उठला. त्यानं टोपी सारखी केली, दस्ती झटकली आणि साहेबाच्या गोऱ्या हातावर टाकली. अंगणातली कुजबुज थांबली. दस्तीखाली त्यानं हळदीचा भाव सांगितला, बाजारापेक्षा थोडा चढा, घासाघीस होईल या हिशेबानं. साहेबाला बोटांतलं काय कळणार? तो हसला आणि त्यानं त्यांच्या रीतीप्रमाणे रतनसिंगाचा अख्खा हात गच्च दाबून हलवला.

रतनसिंगानं दस्ती उचलली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "सौदा झाला," तो म्हणाला. "माणूस दिलदार हाय. एका शब्दात झाला."

शितलला तत्क्षणी सगळं कळलं. साहेबाला वाटलं गंमत झाली, बापूला वाटलं सौदा झाला. ती एकटीच दोन्ही बाजूंची रीत जाणणारी होती. त्याच विषयात तिला सगळ्यात जास्त गुण होते. एक वाक्य बोलली असती तर लोक हसले असते, बापू थोडा ओशाळला असता आणि संपलं असतं. पण इतके महिने टोमणे मारणारे लोक बापूच्या पाठीवर हात ठेवत होते, पोरीनं नाव काढलं म्हणत होते. पारुबाई दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. शितल गप्प राहिली. साहेबाची गाडी धुरळा उडवत गेली.

त्यानंतर तिला बोलायला सात आठवडे मिळाले. दर सोमवारी ती हिंगोलीला जाऊन इंटरनेटच्या दुकानात मेल बघायची आणि काही आलं नाही की तिला हायसं वाटायचं. कंपनीचं हो आलं तर सांगायची गरजच पडणार नव्हती. इकडे रतनसिंगानं आठही घरांना सांगून ठेवलं होतं की माल हलवू नका, त्याला धनी मिळाला आहे. मे महिन्यात व्यापारी दारात येऊन बरा भाव देऊन गेले. मुंजाजीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हात दाबला गेला होता, मग प्रश्नच नव्हता. मेअखेरीस भाव उतरले. तरी कुणी रतनसिंगाला विचारायला आलं नाही, आणि शितलला तेच जास्त सोसेनासं झालं.

जूनच्या पहिल्या सोमवारी मेल आला. चार ओळींचा, अगदी सभ्य. पाहुणचाराबद्दल आभार, रुमालाच्या खेळाबद्दल खास आभार, आणि या वर्षी खरेदीचा विचार नाही.

ती घरी आली तेव्हा रतनसिंग लिंबाखाली बाजेवर बसला होता. शितल त्याच्यासमोर उभी राहिली. कंपनी माल घेणार नाही, एवढं तिनं सांगितलं. पुढचं तोंडातून निघेना.

"असं कसं? हात दाबला त्यानं," रतनसिंग म्हणाला. मग लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हजार माणसांचे चेहरे वाचून पोट भरलेला माणूस तो.

"तुला कवापासून ठाऊक हाय?"

शितल बाजेच्या सुतळीकडे बघत राहिली. तेव्हा रतनसिंगानं खांद्यावरची दस्ती काढली, तिचा हात धरून बाजेवर ठेवला आणि त्यावर ती टाकली.

"तोंडानं बोलवत न्हाई तर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कितव्या दिवशी कळलं, तेवढं हातानं सांग. हितं खोटं चालत न्हाई."

दस्तीखाली बापाचा खरखरीत पंजा होता. शितलनं त्याचं एक बोट धरलं.

तो वाट बघत राहिला. ती दुसरं बोट धरील, पंजा धरील, म्हणून त्यानं हात तसाच उघडा ठेवला. तिनं दुसरं बोट धरलं नाही. मग त्यानं आपला हात हळूच काढून घेतला. तिचा हात काही दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आठ घरं फिरला. शितल मागोमाग गेली. आपणच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. मुंजाजीच्या ओट्यावर रतनसिंग उभा राहूनच बोलला.

"साहेबाचं काही चुकलं न्हाई, भाऊ. माझंच बोट चुकलं. त्यानं न्हाई म्हणलं, मी व्हय समजलो."

"काका, बापूंचं न्हाई..." शितल पुढे झाली.

"तू गप," रतनसिंग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर चढ्या आवाजात बोलला. "त्या दिशी गप होतीस, आताबी गपच ऱ्हा. पोरगी खोटी निघाली म्हणण्यापरीस बाप म्हातारा झाला म्हणलेलं बरं."

मुंजाजी समजूतदार माणूस. होतं असं, म्हणाला, पाणी दिलं. धुरपताबाईनं फक्त ढिगाकडे बघितलं. पण ज्या दलालाचं बोट चुकतं, त्याच्या दस्तीखाली कोण हात घालील? पुढच्या बाजारात रतनसिंग संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसून परत आला. त्याच्या पुढच्या बाजारातही तसंच झालं. तिसऱ्या बाजाराला तो गेलाच नाही.

जुलैत शितल इंग्लंडला परतली. पारुबाईनं बॅग भरून दिली होती. खोलीवर येऊन उघडली तर तळाशी, ज्वारीच्या पिठाच्या पिशवीखाली, धुऊन घडी केलेली दस्ती. घरी फोन लावून तिनं विचारलं, तर पारुबाई म्हणाली, "त्यायनंच ठेवायला सांगितली. आता मला काय कामाची, म्हणले. थंडीत डोक्याला बांधाय व्हईल पोरीला."

शितल खूप रडली. मग प्रकल्प लिहून दिला, पासही झाली, चांगल्या गुणांनी.

सप्टेंबरअखेरीस नवी तुकडी आली. बाईंनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं आणि नव्या मुलांसमोर उभं केलं. हिच्या गावाकडे रुमालाखाली सौदा कसा करतात ते ही फार सुंदर करून दाखवते, असं सांगून त्यांनी हसत आपला हात पुढे केला. दस्ती शितलच्या पिशवीतच होती. ती बरोबर असल्याशिवाय तिला बाहेर पडवत नसे.

तिनं बाईंच्या हाताकडे बघितलं.

"मला ते येत नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना यायचं."