डावी बाही

"काकू, तो डावा हात जरा मागे घ्या ना," फोटोवाला म्हणाला. "उजवा पुढे. हां, बाटलीवर ठेवा. असाच राहू द्या."

काकूंनी डावा हात पाठीमागे नेला खरा, पण फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला न लावला तोच तो आपला पुन्हा पुढे आला. चाळीस वर्षांची सवय होती ती. त्या हाताला मागे राहणं ठाऊकच नव्हतं. फोटोवाल्याने दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंचा उजवा हात चारचौघींसारखा होता. डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत बघण्यासारखा, किंवा लेकीच्या मते न बघण्यासारखा. कुठे तांबूस ठिपका, कुठे पांढुरका डाग, कुठे बॉलपेनने लिहिलेले आणि धुऊन धुऊन पुसट झालेले आकडे. काकू चेहऱ्याला आणि अंगाला लावायची तेलं बनवत. तिळाचं, बदामाचं, खोबऱ्याचं, जवसाचं, कोणाच्या कातडीला काय मानवेल तसं मिसळून. नवं तेल तयार झालं की पहिला थेंब या हातावर पडायचा. शेजारी पेनाने आकडा. मग दोन दिवस वाट बघायची. हात गप्प राहिला तर तेल बाटलीत, हाताने कुरकुर केली तर तेल दाराच्या बिजागऱ्यांना. म्हणून काकूंची डावी बाही बारा महिने कोपराच्या वर दुमडलेली आणि उजवी सरळ मनगटापर्यंत. नवीन माणूस हसायचा, जुन्याला त्याचं काही वाटत नसे. गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. ‘हातवाल्या काकू’ म्हटलं की लहान पोरही दुकान दाखवायचं.

लेकीचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. दोन वर्षं ती एका मोठ्या, काचेच्या दारांच्या पार्लरमध्ये काम करून, शिकून आली होती. तिथे गुळगुळीत हातांच्या मुली हळू आवाजात बोलायच्या आणि चिमूटभर मलम मूठभर पैशांना जायचं. ती चांगली नोकरी सोडून ती आईच्या दुकानात आली होती, नव्या पाट्या, नव्या बाटल्या, नवे बेत घेऊन.

"आई, लोक तेल घ्यायला येतात तेव्हा आधी तुझी कातडी बघतात," तिने त्या संध्याकाळी विषय काढला.

"बघू देत की. त्यासाठीच उघडा ठेवलाय."

"अगं, पण घाबरतात ना. नवीन बाई आत येते, तुझा हात बघते आणि आल्या पावली परत जाते. मी मोजलंय." तिने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? मला लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी लेकीने पांढरा कोट आणला, डॉक्टर घालतात तसा, लांब बाह्यांचा, मनगटाशी बटण असलेला. लेक घरी परत आली याचा काकूंना इतका आनंद होता, की तिने डोक्यावर टोपली घाल म्हटलं असतं तरी त्यांनी घातली असती. त्यांनी कोट चढवला, बटणं लावली, आरशात स्वतःला खालीवर न्याहाळलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "आता सुई कोणाला टोचू?"

लेक खूप दिवसांनी पोट धरून हसली. फोटो पुन्हा काढला, छान आला, दारावरच्या नव्या पाटीवर लागलाही. आणि खोटं कशाला बोला, गिऱ्हाईक वाढलंसुद्धा.

लेकीची दुसरी मागणी वासाची होती. तेलाला तेलाचाच वास येतो, ही तिची तक्रार. "मग काय साबणाचा यायला हवा?" म्हणून काकूंनी आठवडाभर टाळलं, पण लेक खनपटीलाच बसली. शेवटी त्यांनी लिंबाच्या ताज्या सालींतून दाबून काढलेलं तेल मागवलं आणि बदामाच्या तेलात बेताने मिसळलं. वास असा सुरेख, की दोघी कितीतरी वेळ नुसत्या बाटली हुंगत बसल्या. रिवाजाप्रमाणे काकूंनी बाही वर केली, हातावर थेंब लावला, आकडा लिहिला, बाही खाली केली, बटण लावलं. दोन दिवसांनी बघितलं तर हात गप्प. तेल बाटल्यांत गेलं आणि दहा दिवसांत चौदा बाटल्या हातोहात खपल्या.

पंधराव्या दिवशी भर दुपारी चौकातली वाहतूक पोलीस दुकानात आली. चार वर्षांची जुनी गिऱ्हाईक ती. उन्हाने रापलेल्या चेहऱ्याला दर महिन्याला काकूंचं तेल न्यायची. आज तिने टोपी काखेत धरली होती आणि उजवा गाल पुढे केला होता. गालावरून मानेपर्यंत तपकिरी पट्टे उठले होते. तेल लावताना बोटं जशी फिरली असतील, तसेच्या तसे.

"आधी लाल झालं, मग आग आग झाली, मग हे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर लेकीला बरं वाटलं असतं.

काकूंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं. मग फळीवरच्या त्या तेलाच्या उरलेल्या बाटल्या एकेक करून खाली काढल्या.

"लावू नकोस आता ते. मला उद्यापर्यंत वेळ दे."

"उद्यापर्यंत काय होणार?"

"मला कळेल."

ती गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तिची कातडीच नाजूक असेल. दुसरं काहीतरी फासलं असेल तिने. आपण एकदम आपल्या अंगावर कशाला ओढवून घ्यायचं? तुझ्या हाताने तर पास केलं होतं ना?"

"तेच तर," काकू म्हणाल्या. "हाताने पास केलं आणि गालाने नापास. दोघांपैकी एकाचं चुकलंय."

त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला. हातावर त्याच तेलाचे दोन थेंब लावले, एक मनगटापाशी, एक कोपरापाशी. कोपराजवळच्या थेंबावर जाड फडकं बांधलं, मनगटाजवळचा उघडा ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर, ऊन होतं तिथे, जाऊन बसल्या. तासाभराने लेक छत्री घेऊन आली. काकूंनी ती मिटून बाजूला ठेवली. येणारेजाणारे विचारायचे, "काय काकू, ऊन खाताय?" "हो, भूक लागली," काकू सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फडकं सोडलं. फडक्याखालची कातडी साफ होती, जसं काही तिथे तेल पडलंच नव्हतं. मनगटापाशी मात्र लालभडक चट्टा आणि त्यावर बारीक फोड आले होते.

काकू आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशा बघत राहिल्या. "चाळीस वर्षं सांगत आले, हात सांगतो, हात सांगतो," त्या हळूच म्हणाल्या. "अर्धं काम तर ऊन करत होतं. खिडकीतून यायचं, गल्ल्यावर बसले की हातावर पडायचं. मी कधी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. लिंबाच्या सालीला ऊन चालत नाही, हे मला हाताने सांगितलं असतं. पण त्याला ऊन दिसायला हवं होतं ना."

लेकीने मागे वळून पाहिलं. खुंटीवर कोट लटकत होता, लांब बाह्यांचा, मनगटाशी बटण असलेला. कोणी आणला, कशासाठी आणला, कोणाला लाज वाटत होती, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आई, तो कोट—"

"चपला घाल," काकू म्हणाल्या. "आधी चौकात जाऊ. जिचं नुकसान झालं तिच्याकडे आधी."

चौकात पोहोचल्या तेव्हा ती पोलीस दोन मिनिटं सावलीत पाणी प्यायला आली होती. काकूंनी आडवळण घेतलं नाही. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "तेलात दोष होता आणि मला तो पकडता आला नाही. डाग जातील, पण महिने लागतील. तोवर डॉक्टरकडे जा, खर्च माझा. आणि गाल झाकून उभी राहा, ऊन लागू देऊ नकोस."

पोलीस कडू हसली. "ऊन लागू देऊ नको? काकू, माझी नोकरी काय आहे माहितीये ना? अख्खं शहर रोज हा गाल बघतं." मग तिने बाटलीचं टोपण लावलं आणि म्हणाली, "चार वर्षं मी तुमच्याकडून तेल नेते ते का, सांगू? पार्लरवाल्या पोरींचे हात काचेसारखे असतात. त्यांना काय झालंय, काय नाही, कळतच नाही. तुमचा हात बघितला की वाटायचं, या बाईने आधी स्वतःच्या अंगावर घेतलंय. या वेळी तुम्ही कोट घातला होता. हात दिसला नाही. तरी मी तेल घेतलं. माझंही चुकलंच."

लेकीला वाटलं, रस्ता दुभंगला तर बरं. हाच तो हात, ज्याला बघून गिऱ्हाईक पळतं असं ती आईला सांगत होती. ती पुढे झाली. "ताई, तो कोट मी—"

"कोट मी घातला होता," काकू मध्येच म्हणाल्या. "कोणी बांधून घातला नव्हता. तुझं काही चुकलं नाही, पोरी, आणि हिचंही नाही." त्यांनी हात पुढे केला. "बघ."

पोलिसाने मनगटावरचे फोड बघितले. तिच्या गालावर होता त्याच जातीचा चट्टा होता तो, फक्त ताजा. तिने टोपीची पुढची कड उगाच नीट केली.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"तुझ्याइतकंच," काकू म्हणाल्या.

शिट्टी वाजली तशी ती चौकात परत गेली. जाताजाता एवढंच म्हणाली, "बाटली संध्याकाळी दुकानात टाकते."

उरलेल्या तेरा बाटल्यांसाठी दोघी घरोघर फिरल्या. काकूंना नावं आठवत नव्हती, पण कातडी एकूण एक आठवत होती. "हनुवटीवर मुरमांवाली, बेकरीच्या वर. कोरड्या कोपरांची, टेलरची बायको. आणि ती, जिच्या गालाला खळी पडते पण हसत नाही." बहुतेकींनी मुकाट्याने बाटल्या दिल्या. दोन बायकांनी कात्रीसारखी जीभ चालवली, तेही काकूंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीने मात्र बाटली उशीखाली दडपली. "मला मेलीला कुठलं ऊन? वास चांगला आहे, मी देत नाही जा." काकू तिच्याजवळ अर्धा तास बसल्या, हाताला साधं बदामाचं तेल चोळून दिलं, आणि शेवटी बाटली घेऊनच उठल्या. लेक दारात उभी राहून बघत होती. पार्लरमध्ये दोन वर्षांत जे तिला कोणी शिकवलं नव्हतं ते तिची आई एका संध्याकाळी दारोदार शिकवत होती, आणि ‘शिक’ असं एकदाही म्हणत नव्हती. आपल्याला अशी आई आहे, हे तिला फार उशिरा दिसलं असं वाटून बाहेर पडल्यावर तिला भर रस्त्यात रडू आलं.

"रडतेस काय? दोन घरं राहिलीत अजून," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी खुंटीवरून कोट काढला तर त्याची डावी बाही कोपराच्या वर कापलेली होती आणि कापलेली कड दुमडून शिवलेली होती. टाके वाकडेतिकडे होते, एका ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका होता. काकूंनी कोट चढवला, कडेवरून बोट फिरवलं.

"टाके जरा जवळजवळ घालायचे," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून कोट असाच राहिला, एका बाहीचा. पाटीवरचा फोटोही लेकीने उतरवला.

काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. काही महिनाभराने, इकडेतिकडे बघत, परत आली. पोलीस आली ती तीन महिन्यांनी. गालावरचे पट्टे पुसट झाले होते, ठाऊक असेल त्यालाच दिसावेत इतके. तिने नेहमीचं तेल मागितलं. काकू नव्या घाण्याच्या तिळाचं मिश्रण गाळत होत्या.

"आज नाही मिळायचं. याची परीक्षा व्हायचीय अजून."

"मग करा की," पोलीस म्हणाली आणि सवयीने काकूंच्या हाताकडे बघितलं. मनगटापाशी, जिथे फोड आले होते तिथे, कातडी काळी पडली होती.

"ही जागा गेली," काकू म्हणाल्या. "आणि वरची आता म्हातारी झाली. तिला काही टोचत नाही, काही कळत नाही. जरा विचार करावा लागेल."

लेक बाटल्या पुसत होती. तिने फडकं ठेवलं, कुडत्याची डावी बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात गल्ल्यावर आईपुढे ठेवला. गोरा, तुकतुकीत, एक डाग नसलेला हात. पार्लरमध्ये या हाताचं सगळ्यांना कौतुक होतं.

काकू थेंबाची काडी घेऊन थांबल्या. "तुझा नको गं. तुला मिरवायचा असतो तो."

"मिरवतेच आहे," लेक म्हणाली.

काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं, मग पोलिसाकडे. मग त्यांनी लेकीच्या मनगटापाशी एक थेंब टेकवला, बॉलपेन घेतलं आणि शेजारी नीट, ठसठशीत ‘१’ लिहिला.

"परवा येते," पोलीस टोपी घालत म्हणाली. "हात बघूनच घेईन."

लेक उठली आणि पायरीवर, ऊन होतं तिथे, जाऊन बसली.