सहाव्या वर्षाची दाढ

सिरसाळ्यात संगमेश्वरचं किराणा दुकान होतं. गल्लीतली माणसं तेल-मिठाबरोबर त्याचा सल्लाही घेऊन जायची. तो रोज पेपर वाचायचा, घरात नुकतीच केबल आली होती, आणि 'मला ठावं न्हाई' असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

त्याची मुलगी स्वप्नाली साडेसात वर्षांची. दुकानात येणाऱ्या नव्या नव्या चॉकलेटी आधी तिच्या गालात जायच्या. त्या वर्षी तिची खालची, उजवीकडची अगदी मागची दाढ किडली. जेवताना ती गाल धरून रडायला लागली.

"अंबाजोगाईला दाताच्या डॉक्टरकडं नेऊ या का?" बायकोनं, कावेरीनं विचारलं.

"दुधाची दाढ हाय ती. पडणारच हाय. पडणाऱ्या दाढंसाठी कोण डॉक्टर गाठतंय?"

"आवो, पण ही तर मागल्या साली आली की. दुधाचे दात तर कवाच आलते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" संगमेश्वर म्हणाला, आणि तो विषय संपला.

आठवडी बाजारात फडकं अंथरून दात काढणारा एक माणूस बसायचा. त्याच्याकडून संगमेश्वरनं दाढ उपटून घेतली. पोरगी हलू नये म्हणून तिचं डोकं त्यानं स्वतःच मांडीवर दाबून धरलं होतं.

दिवाळीनंतर शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर भरलं. पोरांना बिस्किटं संगमेश्वरनं दिली होती, म्हणून तो गुरुजींच्या शेजारी पुढंच बसला होता. बाहेरगावहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वप्नालीचं तोंड उघडलं, बॅटरी धरली आणि त्या थांबल्या.

"इथली दाढ कुठं गेली गं?"

"पप्पांनी बाजारात नेऊन काढली."

"दुधाची होती मॅडम," संगमेश्वर मोठ्यानं म्हणाला.

"नाही हो." बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलून सगळ्या आईबापांना दाखवला. "हे नीट बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागं ही दाढ येते. तिच्या जागेवर आधी कुठला दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून लोकांना ती दुधाचीच वाटते. पण ही कायमची. हिच्या वरच्या खाचांत अन्न अडकतं, म्हणून लवकर किडते. रात्री ब्रश केला तर टिकते, वेळेवर आणलं तर आम्ही भरून देतो. काढली की गेलीच."

स्वप्नाली अजून खुर्चीतच होती. "मंग मला परत येणार न्हाई?"

बाईंनी संगमेश्वरकडं पाहिलं. उत्तर त्यानं द्यायला हवं होतं. तो बिस्किटांच्या खोक्याकडं बघत राहिला. शेवटी बाईच हळू म्हणाल्या, "नाही बाळा."

शिबिराला आलेली कावेरी घरी जाताना स्वप्नालीचा हात धरून पुढं चालत राहिली. 'मी म्हणलं होतं' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी त्याला तिच्यावर ओरडता आलं असतं.

दुकान उघडून तो बसला, आणि साखरेचं पोतं बघून त्याला आठवलं. परवाच बायनाबाई साखर न्यायला आली होती. तिच्या सात वर्षांच्या नातीची, आरोहीची मागची दाढ ठणकत होती. 'दुधाची हाय, उपटून टाका,' असं त्यानंच सांगितलं होतं. आणि उद्या बाजार होता.

कुणाच्या तरी हाती निरोप धाडावा, असं त्याला वाटलं. 'डॉक्टरीणबाई म्हणल्या' एवढंच कळवलं तर आपलं नाव मध्ये येणार नाही. निरोप न्यायला बायनाबाईच्या शेजारचं गिऱ्हाईकही दारात उभं होतं. पण त्यानं शटर खाली ओढलं आणि स्वतः निघाला.

बायनाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. शेजारच्या दोघी-तिघी होत्या.

"बसा की आप्पा. कावून आलाव, काय काम काढलं?"

"मावशी, आरोहीची दाढ काढू नका." तो ओट्यापाशी उभाच राहिला. "मी चुकीचं सांगितलं. मला त्यातलं काही ठावं नव्हतं."

"मंग सांगितलं कावून?"

एक बाई पदराआड हसली. "माझ्या पोरीची मी तशीच घालवली," तो म्हणाला, तशी ती हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या जीपमधून तो बायनाबाईला आणि आरोहीला अंबाजोगाईला घेऊन गेला. स्वप्नालीलाही नेलं, तिचे बाकीचे दात दाखवायचे होते. आरोहीची दाढ वाचली. डॉक्टरनं ती साफ करून भरली. स्वप्नालीच्या बाबतीत मात्र ते म्हणाले, "शेजारचे दात त्या जागेकडं कलतील. लक्ष ठेवावं लागेल."

परत येताना जीपमध्ये दाटी होती. बायनाबाईनं नातीला मांडीवर घेतलं आणि मागं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आप्पा, लई उपकार झाले बघा. तुमच्यामुळं माझ्या पोरीची दाढ राहिली."

स्वप्नाली बापाला टेकून बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. संगमेश्वर धारूरच्या बाजूच्या डोंगराकडं तोंड करून बसला, ते सिरसाळा येईपर्यंत.