शिंगाचा मार

उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर अर्ध्या गावाची लेकरं पोहायला शिकतात. कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा आणि पाण्यात ढकलून द्यायचं, ही माझ्या बाबांची, म्हणजे जळबांची, पद्धत. मागची दोन वर्षं मात्र ते सदरा घालून काठावरच बसत आणि तिथूनच ओरडत. छातीवरचा लांब व्रण चुकून कुणाला दिसलाच, तर बैलाने शिंग मारलं म्हणून सांगायचं, असं घरात ठरलं होतं. मी नांदेडला प्रयोगशाळेत पेशी तपासते. गावात आले की मीही बैलाचंच नाव घ्यायची.

यंदा मे महिन्यात बाबांचे जोडीदार संतरामकाका पोहून वर आले आणि ऊन खात बसले. त्यांच्या उजव्या स्तनाग्राशेजारी हळद-चुन्याचा लालसर डाग दिसला. विचारलं, तर म्हणाले, गोऱ्ह्याने शिंग मारलं, तेव्हापासून गाठ आहे. बाबांचा मार बरा झाला तसा आपलाही होईल. मी दवाखान्यात चला म्हटलं, ते त्यांनी हसण्यावारी नेलं.

बाबा उठले. सदरा काढून त्यांनी भोपळ्यांवर टाकला. डावी बाजू सपाट, त्यावर आडवा व्रण.

"मला बैलानं न्हाई मारलं, संतराम. कॅन्सर होता. बायांना छातीत होतो, त्योच."

"गड्याला होतो व्हय?"

"मंग ही दोन बटणं काय नुसती शोभेला हायेत? उद्या चाल माझ्यासंगं."

पुरुषात क्वचित होतो, पण होतो. आणि नुसतं चाचपून कळत नाही, एवढंच मी सांगितलं.  दुसऱ्या सकाळी काका जीपपाशी आमच्या आधी हजर होते, लग्नाला निघाल्यासारखे धुवट कपड्यांत.

गाठीतून सुईने काढलेल्या पेशींची काच सूक्ष्मदर्शकाखाली आधी मी पाहिली, मग डॉक्टरांनी. कॅन्सर नव्हता. मार लागून आतली चरबी मेली होती, तिची गाठ. हळूहळू जिरणारी.

त्या रविवारी विहिरीवर काकांचा रुबाब बघण्यासारखा होता. येईल त्याला ते सांगत होते, "जळब्याचा बैल खोटा. माझा गोऱ्हा खरा."

बाबा उघड्या अंगाने त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. "याला भोपळा नका बांधू रे," ते लेकरांना म्हणाले, "एवढा फुगलाय, तसाच तरंगंल."

काकांना त्यांनी आत ढकललं, आणि पाठोपाठ स्वतः उडी मारली.